दारू सोडण्याच्या पहिल्या सभेला जाताना पत्ता आधी पडताळा

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) या संघटनेच्या सभेला मी काल संध्याकाळी पहिल्यांदा जाऊन आलो. रात्रभर झोप लागलेली नाही, त्यामुळे पुढील मजकुरात कुठे उत्साह जास्त वाटला तर तेवढा वाचकाने वजा करून घ्यावा. सभा जेमतेम दीड तासाची होती. मात्र तिच्या दारापर्यंत पोहोचायला मला 17 दिवस लागले, आणि हे लिहिण्याचे कारण ते 17 दिवस आहेत.

वाचणाऱ्याने सोडायचे ठरवले आहे आणि तो रोज भरपूर पीत असेल तर डॉक्टरांशी बोलून आला आहे, हे मी गृहीत धरतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर पहिल्या 2 दिवसांत फिट येऊ शकते, आणि त्यानंतर भ्रम व थरकाप यांची जिवावर बेतणारी अवस्थाही ओढवू शकते. सभेत यावर उपाय होत नाही, तिथे औषध मिळत नाही.

आता फसवणुकीबद्दल. इंटरनेटवर शोधल्यावर सर्वांत वर जो क्रमांक दिसला, तो सभेचाच असणार असे समजून मी फोन केला. पलीकडच्या गोड आवाजाने माझे नाव, पगार आणि घरात पैसे कोण भरणार हे विचारून घेतले, सभांनी काही होत नसते असे सांगितले आणि उपचार केंद्रात भरतीसाठी जागा राखून ठेवण्याच्या नावाखाली ‘नोंदणी शुल्क’ मागितले. मी ते भरले. ते परत मिळालेले नाही, आणि त्यानंतरच्या 4 दिवसांत मला त्यांचे 11 फोन आले. उपचार केंद्राची गरज काहींना खरोखरच असते, पण ती गोष्ट वेगळी आणि सभा वेगळी. एए ही संघटना 1935 साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे शेअर बाजारातला एक माणूस आणि एक शल्यचिकित्सक या दोन मद्यपींच्या भेटीतून उभी राहिली. तिच्या 12 परंपरांपैकी, म्हणजे गटांनी पाळायच्या तत्त्वांपैकी, तिसरीनुसार दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट आहे, आणि सातवीनुसार गट आपला खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागवतो व बाहेरची देणगी नाकारतो. त्यामुळे सुरुवातीलाच फी मागणारा माणूस एएचा नव्हे, हे समजावे आणि फोन ठेवून द्यावा.

दुसरी फेरी सभांच्या जुन्या छापील यादीने वाया घालवली. पत्ता बरोबर होता, वेळ बरोबर होती आणि दाराला कुलूप होते, कारण गट केव्हाच दुसरीकडे गेला होता. ते कुलूप पाहून मला रागाऐवजी हायसे वाटले, आणि परतीच्या वाटेवर मी प्यायलो. म्हणून छापील यादीवर विसंबून कोणीही निघू नये. ज्या दिवशी जायचे त्याच दिवशी गटातल्या माणसाशी बोलावे, कोणता मजला, कोणते दार हे विचारावे, आणि सभा खुली आहे की बंद हेही विचारावे. खुल्या सभेला नातेवाईकही बसू शकतात, बंद सभा मात्र दारूचा त्रास असलेल्यांसाठीच असते. भावाला सोबत घेऊन बंद सभेला गेलात तर त्याला बाहेर थांबावे लागेल.

काल इमारतीसमोरून मी तीन वेळा पुढे निघून गेलो. सभेच्या अर्ध्या तास आधी पोहोचणे ही माझी चूक होती, कारण तेवढा वेळ पळून जाण्यासाठी भरपूर असतो. 10 मिनिटे पुरतात. गटातल्या ज्या गृहस्थांशी मी फोनवर बोललो होतो, त्यांनी ‘खाली आलात की कळवा, मी उतरतो’ असे सांगितले होते, म्हणूनच मी वर गेलो. ते उतरले, आपले पहिले नाव सांगितले, माझे विचारले नाही, माझ्या थरथरणाऱ्या हातांकडे पाहिले नाही आणि माझ्यापुढे दोन पायऱ्या ठेवून चढू लागले. त्यांच्या एका चपलेचा पट्टा दोऱ्याने शिवलेला होता. सबंध जिना मी त्या दोऱ्याकडे पाहत चढलो. एकट्याने तो जिना मला चढता आला नसता, त्यामुळे कोणीतरी खाली येईल अशी व्यवस्था केल्याशिवाय पहिल्यांदा जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष सभेत काहीच अवघड नव्हते. उभे राहून ‘मी मद्यपी आहे’ असे म्हणावेच लागते, ही ऐकीव माहिती खोटी निघाली. मी फक्त ऐकतो म्हटले आणि पाळी पुढे सरकली. एएमधला ईश्वराचा उल्लेख ज्यांना खटकतो त्यांनी 1994 पासून चालणारी, धर्मनिरपेक्ष पद्धतीची स्मार्ट रिकव्हरी ही संघटना पाहावी, आणि घरच्यांनी मद्यपींच्या नातेवाइकांसाठी असलेल्या अल-अ‍ॅनॉनकडे जावे. मार्गदर्शक सोबती, ज्याला तिथे स्पॉन्सर म्हणतात, तो पहिल्याच दिवशी ठरवू नये. काल मी उत्साहाच्या भरात दोघांना विचारून बसलो आणि दोघांनीही चार सभा होऊ द्या असे सांगितले.

पुढची सभा गुरुवारी आहे. पुढचे फाटक सात वाजता बंद होते आणि त्यानंतर येणाऱ्याने मागच्या गल्लीतून यावे, असे जिन्यावरच्या गृहस्थांनी बजावले आहे. यादीत हेही लिहिलेले नाही.