या दोन सारख्या का नाहीत?

बुधवार, रात्री साडेअकरा

गिऱ्हाईक ओरडलं असतं तर बरं झालं असतं. त्याने मी छापून दिलेल्या गठ्ठ्यातली वरची एक पत्रिका काढली, खालची एक काढली, काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि शांतपणे विचारलं, "या दोन सारख्या का नाहीत?" खालचीत मॅजेंटा, म्हणजे गुलाबी-लाल शाई, जास्त चढली होती. गणपतीचा शेला एकीत केशरी, दुसरीत डाळिंबी. मी म्हटलं, बघतो. बघतो काय? दिसतच होतं की.

बावीस वर्षं शाईत हात घालतोय. नाना असते तर... असो.

जेवण गेलं नाही. कॉम्प्युटरवर टायलरची फुलदाणी, म्हणजे त्याने छापलेलं जुनं रंगीत चित्र, उघडून बसलो. फुलदाणी म्हणायची एवढंच, आत फूल एक नाही, नुसता डौल. योहान टायलर, हॉलंडमधल्या नायमेखनचा, जन्म 1648. गणिताचा प्राध्यापक, लष्करी इंजिनिअर, आणि 1688 मध्ये रंगीत छपाईचा मक्ता मिळवून बसला! तेव्हा चित्रं काळ्या शाईत छापून वर हाताने रंगवायची रीत. याच्याकडे तांब्याची एकच प्लेट. कोरलेल्या रेघांत चिंधीच्या बोळ्यांनी जागच्या जागी रंग भरायचे, वरची शाई पुसायची, ओलसर कागद ठेवायचा आणि एका दाबात काम खलास. त्या बोळ्याला फ्रेंच लोक बाहुली म्हणतात. रजिस्टर जुळवायची, म्हणजे एका रंगावर दुसरा रंग नेमका बसवायची, भानगडच नाही. (ती पुढे ल ब्लॉन नावाच्या छापणाऱ्याने एका चित्राला रंगागणिक एक अशा तीन प्लेटी काढून आमच्या मागे लावली.)

मोठं करून बघितलं. हिरवं पान संपून लाल सुरू होतं तिथे दोन्ही शाया एकमेकींत शिरून मातकट झाल्यात. माझ्याकडे ही शीट सरळ रद्दीत. तिकडे म्युझियममध्ये.

आणि प्रत्येक छापाला प्लेट नव्याने भरायची, म्हणजे याचे दोन छाप जन्मात सारखे यायचे नाहीत. त्याला कोणी विचारलं असेल, या दोन सारख्या का नाहीत? विचारलं असेलही. त्यानेही "बघतो" म्हटलं असेल आणि आत जाऊन बोळेवाल्या पोरावर डाफरला असेल. त्या पोराचं नाव तर कुठेच नाही.

पण खोटं कशाला लिहू. तिकडचा फरक हाताचा. माझा फरक मी मशीन चालू ठेवून चहाला गेलो त्याचा. मशीनमधला पाणी-शाईचा तोल ढळला की रंग बदलतो, तो काय माझी वाट बघत थांबणार होता?

उद्या 300 पुन्हा मारायच्या, माझ्या खर्चाने. डाळिंबी शेल्याची एक खिशात घालून आणलीय. तशी वाईट नाही दिसत.