नवऱ्याचा पगार अठरा हजार, आणि बँक स्टेटमेंट काय म्हणतं

मी फॅमिली कोर्टात वकिली करते, जास्त करून पोटगीच्याच केसेस. मागच्या वर्षीची एक केस आहे, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

पूर्वी अंतरिम पोटगी, म्हणजे केस चालू असतानाची पोटगी, सगळा अंदाजपंचे कारभार. बायको म्हणणार ह्याला रग्गड पगार आहे, नवरा म्हणणार मी तर बेकार आहे साहेब आईवडिलांच्या जिवावर जगतोय, मग जज मधला कुठलातरी आकडा काढणार. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा या केसच्या निकालात सांगितलं की उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च सगळं ठरलेल्या नमुन्यात ॲफिडेव्हिटवर द्यायचं, वर बँक स्टेटमेंट्स लावायची, आणि हे दोघांनीही. खोटं लिहिलं तर कारवाई. (तरी अजून लोक दुसऱ्याच्या केसचं ॲफिडेव्हिट कॉपी पेस्ट करून नुसती नावं बदलून आणतात, तो वेगळाच विषय.)

तर माझी अशील मुलीला घेऊन दोन वर्षं माहेरी. तिचं एकच पालुपद, "मॅडम तो साठ कमावतो हो, सगळा पैसा सासूकडे जातो." नवऱ्याने उत्तरात लिहिलेलं, हातात अठरा हजार. स्वतःच्या ट्यूशनचे पैसे लिहायला ही पण तयार नव्हती, म्हटलं बाई लिही, उद्या समोरच्या वकिलाने काढलं तर तुझंच बाकीचं पण खोटं ठरेल.

त्याचं ॲफिडेव्हिट हातात पडलं आणि पुकारा व्हायला वेळ होता म्हणून मी तिला घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले, पेन्सिलने एकेक ओळ बघत. पगार खरंच साठच्या आसपास जमा होत होता. म्हटलं सापडला! पण पगार पाच तारखेला, सहाला पर्सनल लोनचा हप्ता, सातला कुठल्यातरी लोन ॲपचा, आठला क्रेडिट कार्ड, आणि उरायचे ते अठराच्या जवळपासच. सासूला एक रुपया गेलेला नाही. मागची पानं उलटली तर मोठं कर्ज खात्यात आलं आणि त्याच आठवड्यात सगळं एका मित्राच्या नावावर गेलेलं, त्याच्या धंद्यात, तो धंदा बुडाला, मग हे कर्ज फेडायला ते कर्ज. घरात अवाक्षर नाही.

मला वाटलं ती रडेल. ती भडकली. "म्हणजे मी दोन वर्षं सासूशी भांडले आणि पैसे बँक नेत होती?"

आता कायद्याच्या बाजूने मी आरामात भांडू शकले असते, कारण स्वतःहून घेतलेल्या कर्जाचे हप्ते दाखवून पोटगी कमी करायला कोर्ट सहसा तयार होत नाही, आधी बायको आणि मूल. शिवाय रजनेशच्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्ज केल्या तारखेपासून लागते, म्हणजे थकबाकीही बरीच झाली असती. पण ऑर्डर मिळाली तरी वसूल कुठून करणार, वॉरंट काढून माणूस आत बसला तर साठ हजार पण बंद. हे मी तिला तिथेच बाकावर सांगितलं आणि तीच म्हणाली मीडिएशनला जाऊया.

तिथे मध्यस्थासमोर पहिल्यांदा दोघं आकड्यांवर बोलले, चारित्र्यावर नाही. परत एकत्र यायचा प्रश्न नव्हता, विश्वासच गेलेला. परस्पर संमतीने घटस्फोट ठरला, वेगळं राहून दोन वर्षं झाली होती आणि सगळ्या अटी ठरलेल्या म्हणून सहा महिन्यांचा थांबायचा काळ माफ करायला अर्ज टाकला, सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून ती सोय आहे, तो मंजूर झाला.

समझोत्याच्या टर्म्समध्ये एक कलम तिने स्वतः हट्टाने घालून घेतलं. मुलीची रक्कम त्याच्या खात्यातून पाच तारखेलाच ऑटो ट्रान्सफर होणार, सहाच्या हप्त्याच्या आधी. त्याचा वकील कुरकुरला, पण नवऱ्याने निमूट सही केली.