डाळमिलमध्ये इंटरनेट फोन लावण्याआधी नेटवर्क कसं तपासलं : माझा अनुभव

लातूर एमआयडीसीतल्या एका डाळमिलचे २४ फोन इंटरनेटवर न्यायचे होते. ऑफिसात १६, गोदामात ५, वजनकाट्यावर १ आणि मोंढ्यातल्या आडत दुकानात २. स्पीड टेस्ट ९४ एमबीपीएस दाखवते, मग आणखी काय तपासायचं, असा सगळ्यांचा पहिला सवाल होता. पण तो ९४ चा आकडा डाउनलोडचा, तोही सकाळी लाईन मोकळी असतानाचा. फोनला लागतो अपलोडही, आणि लाईन सगळ्यात जास्त तुंबलेली असते त्या वेळचा.

आधी हिशेब मांडला. जी.७११ कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे आवाजाचा डेटा करण्याची पद्धत) सेकंदाला ५० पॅकेट, म्हणजे डेटाच्या पुड्या, जातात. प्रत्येकात आवाजाचे १६० बाइट, त्यावर आयपी, यूडीपी आणि आरटीपी या इंटरनेटवरून आवाज नेण्याच्या पद्धतींच्या हेडरचे (पुडीवरच्या चिठ्ठ्यांचे) ४०, इथरनेटच्या चिठ्ठीचे १८. म्हणजे एका कॉलला एका दिशेनं ८७.२ केबीपीएस. बाहेरचे ८ कॉल एकदम चालले तरी ७०० केबीपीएसच्या आत. जी.७२९ घेतला तर एका कॉलला ३१.२ मध्ये भागतं, पण तो कोडेक माणसाच्या बोलण्यावर बेतलेला आहे. चाळणीचा घरघराट आणि हमालांच्या हाका मागे असल्या की त्यात शब्द नीट कळत नाहीत. अपलोड २० एमबीपीएस असताना तेवढ्यासाठी आवाज बिघडवण्यात अर्थ नव्हता, म्हणून जी.७११ च ठेवला.

मग मुंबईत भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर आयपर्फ हे नेटवर्क मोजायचं सॉफ्टवेअर चालवून पाच दिवस मोजणी केली. यूडीपी मोड, १७२ बाइटचं पॅकेट (आवाजाचे १६० आणि आरटीपीचे १२), ८ कॉलइतका म्हणजे ५५० केबीपीएसचा भार. शिवाय दर सेकंदाला एक पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळाची मोजणी. लॅपटॉप लावला तो राउटरशेजारी नाही, तर फोन जिथे बसणार त्या टेबलावरच्या जॅकला. राउटरजवळ मोजलं की मधली केबल, स्विच, जॅक यांतलं काहीच तपासलं जात नाही. आमची मोजपट्टी अशी होती : एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर (विलंबातला चढउतार) ३० च्या आत, गळती (वाटेत हरवलेली पॅकेट) १ टक्क्याच्या खाली.

दिवसभर पिंग ११ मिलिसेकंद, गळती शून्य. संध्याकाळी सव्वासहाला पिंग ३४० वर आणि गळती ४ टक्क्यांवर. रोज तीच वेळ. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप तेव्हा क्लाउडवर चढायचा आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही त्याच वेळी जायचं. इंटरनेट कंपनीच्या फायबरच्या डब्यातल्या रांगेत १ एमबी साचला की २० एमबीपीएसच्या वाटेनं तो निघायला ०.४ सेकंद लागतात, आणि आवाजाचं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला. यातली फसवी गोष्ट अशी की कोंडी फक्त अपलोडला असल्यानं ऑफिसातल्या माणसाला समोरचं सगळं स्वच्छ ऐकू येतं. तुटक ऐकू येतं ते पलीकडच्या व्यापाऱ्याला, आणि दोष जातो त्याच्या मोबाईलच्या रेंजवर.

उपाय राउटरमध्येच होता. अपलोडची मर्यादा १८ एमबीपीएसवर बांधली, म्हणजे रांग कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या हातातल्या राउटरमध्ये लागते. आवाजाच्या पॅकेटना डीएससीपी ४६ चा शिक्का (हे आधी सोडा, अशी खूण) देऊन पहिला मान दिला. मर्यादा न बांधता नुसता प्राधान्यक्रम लावला होता तेव्हा काहीच फरक पडला नव्हता. फोनला वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवरचं स्वतंत्र नेटवर्क) केला, कॅमेऱ्यांना वेगळा.

त्याच राउटरमधला सिप एएलजी बंद केला. सिप म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्याचे नियम; एएलजी ही सोय सिपच्या निरोपातले पत्ते परस्पर बदलते. त्यातून एकतर्फी आवाज येतो किंवा कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटतो, कारण फोन उचलल्याची पोच परत मिळाली नाही तर सिप तेवढाच वेळ वाट बघतं. तुटण्याची वेळ दरवेळी सारखीच असेल तर लाईनला दोष देऊ नका, आधी हे बघा. फायबरचा डबा आणि राउटर दोघंही नॅट (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणं) करत होते, म्हणून डबा ब्रिज मोडमध्ये टाकला, म्हणजे तो पत्ते न बदलता डेटा नुसता पुढे देतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला वजनकाट्यानं. चाचणीचा फोन चालू व्हायचा, पण रिंग आली की बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. केबल मोजली तर १३० मीटर, मर्यादा १०० ची. एक टोक सोलून तार ब्लेडनं खरवडली तर वरून तांबडी, आत पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रोध जास्त, त्यामुळे पीओईचं (नेटवर्क केबलमधूनच फोनला मिळणाऱ्या विजेचं) व्होल्टेज वाटेतच पडायचं, आणि रिंगसोबत दिवा-स्पीकर चालू झाला की फोन बसायचा. वर ती केबल मोटारींच्या वायरींसोबत एकाच ट्रेमधून ओढलेली; स्विचच्या त्या पोर्टवर सीआरसी एररचा (बिघडून पोचलेल्या डेटाचा) आकडा चाळण चालू झाली की चढताना दिसायचा. हे साध्या स्विचवर दिसतच नाही, म्हणून तपासणीपुरता तरी मॅनेज्ड स्विच लावावा. तिथे फायबर टाकून काट्याच्या खोलीत मीडिया कन्व्हर्टर (फायबरला साधी केबल जोडणारा) आणि पीओई इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा) बसवला. उघड्यावरून गेलेल्या तांब्याच्या केबलमुळे वळवाच्या विजांत पोर्ट जळतात, तीही काळजी फायबरनं मिटली.

पीओई स्विच घेताना प्रत्येक पोर्टचे १५.४ वॅट बघून फसू नका, एकूण बजेट बघा. एक फोन ७ वॅट धरला तर ऑफिस-गोदामाच्या २१ फोनना १४७ वॅट लागतात.

विजेची तपासणी मेन स्विच पाडून, घड्याळ लावूनच केली. संगणकांना यूपीएस होते, पण फायबरचा डबा थेट भिंतीच्या प्लगवर. वीज गेली की पहिल्या सेकंदाला सगळे फोन मुके झाले असते. डबा, राउटर, स्विच, एक्सचेंजचा (फोन एकमेकांना जोडणारा) सर्व्हर सगळं एका यूपीएसवर घेतलं. बॅटऱ्या पत्र्याच्या शेडमधून आत हलवल्या. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, आणि इथे मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो.

नंबर परवानाधारक टेलिकॉम कंपनीच्या सिप ट्रंकवरूनच (इंटरनेट पद्धतीच्या फोनलाईनवरूनच) घेतले. ११२ साठी ऑफिसात एक मोबाईल कायम चार्जिंगला ठेवला.

दुरुस्तीनंतर तीच चाचणी त्याच वेळी पुन्हा घेतली. सव्वासहाला, बॅकअप चालू असताना, पिंग १९ मिलिसेकंद, जिटर ४, गळती शून्य. आडत दुकानाची लाईन मात्र वेगळी, ती मिलच्या दुरुस्तीनं सुधारणार नव्हती. सौद्याच्या वेळी तिथे २ टक्के गळती, तीही आपल्या राउटरच्या पुढे, कंपनीच्या बाजूला. अहवालात त्या २ फोनपुढे ‘तयार नाही’ असं लिहिलं, आणि स्वतंत्र फायबर येईपर्यंत दुकानाची जुनी लँडलाईन तशीच ठेवली.