पन्नास सीसीच्या टू-स्ट्रोक एटीव्हीचा जोर वाढवताना

सासवडच्या पुढे माझ्या मामांचे शेत आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला सात-आठ एकरांचा मुरमाड माळ पडून आहे. पुण्यात जुनी विकत घेतलेली ५० सीसीची टू-स्ट्रोक एटीव्ही, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालवायची छोटी चारचाकी, मी तिथेच चालवतो, कारण ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. मूळ अवस्थेत ती जीपीएसवर ताशी ३८ किलोमीटरच्या वर जात नव्हती आणि माळाच्या चढावर तर अक्षरशः रांगत असे. गेल्या दीड वर्षात तिच्यावर केलेले काम येथे सविस्तर लिहितो. त्यात एक सिलिंडर माझ्या घाईमुळे गेला, आणि तो का गेला हे मला आवर्जून सांगायचे आहे.

इंजिन ४० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ३९.२ मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनची धाव), म्हणजे जेमतेम ४९ सीसीचे आहे आणि ते गिअरऐवजी बेल्टवर चालते. अशा गाड्या नवशिक्यांच्या हाती जातात, म्हणून त्यांना कारखान्यातूनच लगाम घातलेला असतो. माझ्या गाडीला तो दोन ठिकाणी होता: व्हेरिएटरच्या, म्हणजे बेल्टच्या पुढच्या पुलीच्या, बुशवर एक जाड वायसर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी वेल्डिंग केलेली अरुंद नळी. शुक्रवार पेठेतल्या ज्या काकांकडे मी गाडी नेली, त्यांचे अर्धे आयुष्य कायनेटिक होंडा उघडण्यात गेले असल्यामुळे बेल्टची गाडी त्यांना नवी नव्हती. वायसरमुळे पुढच्या पुलीच्या दोन चकत्या पुरत्या जवळ येत नाहीत आणि बेल्ट कडेपर्यंत चढत नाही, हे त्यांनी पुली हातात धरून दाखवले. वायसर काढताच वेग ४४ झाला.

एवढ्यावर मी थांबायला हवे होते, पण मला एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे मूळ सायलेन्सरऐवजी शंकूंच्या आकाराची धुराची नळी, बसवायचा होता. अशा टू-स्ट्रोक इंजिनात धुराच्या वाटेवर उघडझाप करणारा वॉल्व्ह नसतो. त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरलेल्या ताज्या मिश्रणाचा काही भाग धुराबरोबर उघड्या एक्झॉस्ट पोर्टमधून (सिलिंडरच्या भिंतीतल्या धुराच्या भोकातून) बाहेर निसटतो. हे मिश्रण परत आत ढकलण्याचे काम नळीच्या आकाराकडून करून घेण्याचे शास्त्र पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात पक्के केले. १९६१मध्ये त्यांचे स्वार अर्न्स्ट डेगनर हे शास्त्र घेऊन पळून सुझुकीकडे गेले आणि १९६२मध्ये त्यांनी सुझुकीवर ५० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले. पोर्ट उघडल्याबरोबर निघालेली दाबाची लाट रुंदावत जाणाऱ्या शंकूतून पुढे जाते, शेवटच्या निमुळत्या शंकूवर आपटून परतते आणि पोर्ट बंद होण्याच्या बेतात असताना निसटलेले मिश्रण आत लोटते. हिशोब साधा आहे. ९००० आरपीएमला (मिनिटाला ९००० फेऱ्यांना) पोर्ट अर्धा फेरा उघडा राहतो असे धरले, तर लाटेला जाऊन-येऊन ३.३ मिलिसेकंद मिळतात. तापलेल्या धुरात लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावते, म्हणजे नळीची लांबी साधारण ८३ सेंटिमीटर हवी. नळी लांब केली की जोर खालच्या आरपीएमला मिळतो आणि आखूड केली की वरच्या.

नवीन नळी मी एका रविवारी सकाळी बसवली आणि कार्ब्युरेटरला हात न लावता थेट माळावर गेलो. पहिली दोन मिनिटे गाडी जी धावली, तशी ती त्याआधी कधीच धावली नव्हती. तिसऱ्या मिनिटाला आवाज एकदम पातळ आणि चढा झाला, जोर ओसरला आणि इंजिन जागच्या जागी जाम झाले. फक्त इंजिन वेगाने फिरत असतानाच पकडणारा सेंट्रिफ्यूगल क्लच सुटल्यामुळे चाके अडकली नाहीत, म्हणून मी पडलो नाही. ब्लॉक उघडला तेव्हा पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला ॲल्युमिनियम वितळून लोण्यासारखे पुसले गेले होते आणि रिंग खाचेतच चिकटून बसली होती. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल केवळ जळत नाही, ते पिस्टनला थंडही ठेवते आणि ऑइलही तेच वाहून नेते. नळीने हवा जास्त ओढली, पेट्रोल मात्र तेवढेच राहिले, आणि त्याचा परिणाम मी हातात धरून पाहत होतो. भोसरीच्या लेथवाल्यांनी ओव्हरसाइज पिस्टन हातात पडेपर्यंत बोअर करायला, म्हणजे सिलिंडर कोरून मोठा करायला, नकार दिला आणि पिस्टन मायक्रोमीटरने मोजूनच बोअर केले. हीच पद्धत योग्य आहे.

त्यानंतर मात्र मी जेटपासून, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छिद्रापासून, सुरुवात केली; नंबर जितका मोठा तितके पेट्रोल जास्त. मूळ मेन जेट ७८ नंबरचा होता. मी मुद्दाम ९८ लावून, म्हणजे इंजिन अडखळेल इतके पेट्रोल देऊन, एकेक नंबर खाली आलो. प्रत्येक वेळी ३०० मीटर पूर्ण थ्रॉटल, मग तिथल्या तिथे किल स्विच दाबून इंजिन बंद आणि प्लग बाहेर. प्लगच्या चिनी मातीच्या बुडाशी कडक चहासारखा रंग ९० नंबरला आला. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण आपोआप पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. दुसरे म्हणजे, लिटरला ३० मिलिलिटरऐवजी ५० मिलिलिटर ऑइल घातले की इंजिन अधिक सुरक्षित होते हा समज चुकीचा आहे, कारण तेवढे पेट्रोल जेटमधून कमी जाते. डिसेंबरच्या थंड पहाटे हवा घट्ट असते, तेव्हा मी जेट दोन नंबरांनी वाढवतो.

जोर आता ८००० आरपीएमच्या वर होता, पण पुढच्या पुलीतली वजने, म्हणजे ७ ग्रॅमचे रोलर, बेल्टला ६५०० आरपीएमलाच वर चढवत होते. प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर लावला आणि सहाही रोलर अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमने हलके करत ५.५ ग्रॅमवर आणले, तेव्हा चढावर गाडी प्रथमच न दमता वर गेली. माझ्या मते खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त फायदा रोलर देतात. त्याहून हलके करू नयेत, नाहीतर इंजिन नुसते किंचाळते आणि वेग वाढत नाही. पिस्टन आणि हेडमधली फट सोल्डरची तार दाबून मोजली, ती १.४ मिलिमीटर, म्हणजे जास्त, भरली, म्हणून हेड लेथवर अर्धा मिलिमीटर उतरवले आणि प्लग पुन्हा पाहिला.

४७ मिलिमीटर बोअरचे, म्हणजे ६८ सीसीचे किट मी घेतले नाही. मागचा ॲक्सल सलग आहे, म्हणजे वळणावरही दोन्ही मागची चाके एकाच वेगाने फिरतात, गाडी आखूड आणि उंच आहे, आणि तिचे ब्रेक ताशी ४० किलोमीटरच्या हिशोबाने दिलेले आहेत. आत्ताच ती ५७ ने जाते. त्यासाठी मागच्या चाकांना स्पेसर लावून रुंदी वाढवली, ब्रेक शू बदलले आणि मनगटाला बांधायच्या दोरीचा किल स्विच बसवला. माझा दहा वर्षांचा मामेभाऊ गाडी मागतो, तेव्हा मी आधी तो वायसर परत बसवतो. तो टूल बॉक्समध्ये एका वेगळ्या डबीत ठेवलेला असतो.