दुभाष्या

सोलापूरच्या पूर्व भागात मी आठ वर्षं शिकवतेय. वर्गातली निम्मी पोरं घरी तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी आणि भांडताना दोन्ही. मी मूळची बार्शीची. तेलुगूतलं 'बागा' म्हणजे छान, 'एमी लेदु' म्हणजे काही नाही, यावरच माझं भागत आलेलं.

त्या दिवशी सहावीतल्या एका पोराच्या आईला बोलावलं होतं. महिन्यात नऊ खाडे, गृहपाठाची वही कोरी, वर शेजारच्याची पाण्याची बाटली आपटून फोडलेली. विड्या कारखान्यात देऊन ती तशीच आली होती. पदराला तंबाखूचा वास, बोटांना कात्रीचे घट्टे. माहेर तेलंगणातलं, मराठी जेमतेम. नवरा यंत्रमागावर रात्रपाळीला, म्हणजे दिवसा झोपलेला. मी सोपा मार्ग धरला. पोरालाच म्हटलं, सांग आईला.

मी खाडे सांगितले, तो बोलला. बाटलीचं सांगितलं, तो बोलला. आईचा चेहरा खुलत गेला, तिनं मला हात जोडले. तेवढ्यात माझ्या कानावर 'बागा' पडलं. दोनदा.

दारात आमच्या शिपाई मावशी तोंडाला पदर लावून उभ्या. "पोरगं गंडवायलंय तुम्हाला बाई! कौतुक करायला बोलावलंय म्हणून सांगितलं की त्यानं."

चिडले, पण चूक माझीच होती. हजेरी, प्रगती पालकांना भेटून सांगणं हे २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचं कामच ठरवून दिलंय, कलम २४. आणि मी ते आरोपीवरच सोपवलं होतं!

मावशी लगेच पोल खोलायला निघाल्या. मी त्यांना खुणेनंच थांबवलं, पोराला पाणी आणायला पिटाळलं आणि आईला आधी एवढंच विचारलं, घरी कसा असतो?

ती पंधरा मिनिटं बोलली. सासूला दर आठवड्याला सिव्हिलला न्यावं लागतं. डॉक्टरांचं म्हणणं सासूला समजत नाही, हिलाही नाही. मग पोरगं जातं. बँकेतही तेच, रेशन दुकानातही तेच. म्हातारी घाबरू नये म्हणून डॉक्टरांचं बोलणं तो निम्मंच सांगतो, हेही तिला ठाऊक होतं. माझ्या हजेरीपटावर त्या दिवसांपुढे मी 'भटकतो' असं पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं.

मग मी गृहपाठाचं आणि बाटलीचं सांगितलं, मावशींमार्फत. खाड्यांचं असं ठरलं की, सिव्हिलचा दिवस आदल्या दिवशी कळवायचा, बुडालेलं मी मधल्या सुट्टीत घेईन.

पोरगं तांब्या घेऊन आलं आणि आमची तोंडं बघून दारातच थबकलं. आई बरंच काही बोलली, शेवटी माझ्याकडे बोट करून थांबली.

"अम्मा म्हणती," तो खाली बघत म्हणाला, "ऐकलं नाही तर मारा."

मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, बरोबर सांगितलं.

"तिला सांग, शाळेत मारायला कायद्यानं बंदी आहे."

हे मात्र त्यानं झटक्यात सांगितलं.