किरकोळ कोणी म्हणायचे?

‘किरकोळ कारणावरून मारहाण’ हा मथळा आमच्या सोलापूरच्या वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापून येतो की तो वाचताना डोळा अडखळतसुद्धा नाही. खालची बातमी वाचली की कारण कधी गाडी लावण्याचे निघते, कधी उसन्या दिलेल्या शे-दोनशे रुपयांचे, तर कधी नळाच्या पाण्याचे. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तेथे पाण्यावरून झालेले भांडण किरकोळ कसे, असा प्रश्न मला पडतो; पण बातमी लिहिणाऱ्याला तो पडत नाही, कारण हंडा त्याचा नसतो. लहान, क्षुद्र, बिनमहत्त्वाच्या गोष्टींसाठी मराठीत शब्दांची रेलचेल आहे, आणि त्यांतले फार थोडे शब्द खरोखर आकाराविषयी बोलतात. बहुतेक शब्दांवरून कळते ते इतकेच, की बोलणारा त्या गोष्टीपासून किती अंतरावर उभा आहे.

‘किरकोळ’ याच शब्दाकडे सोलापुरातून पाहिले तर आणखी एक गंमत दिसते. अक्कलकोटकडच्या आणि दक्षिण सोलापूरच्या अनेक घरांत कन्नड बोलली जाते, आणि कन्नडमध्ये ‘किरु’ म्हणजे लहान. करंगळीला तेथे ‘किरुबेरळु’ म्हणतात आणि ओठांतल्या ओठांत हसण्याला ‘किरुनगे’. त्याच भाषेत ‘किरुकुळ’ असाही शब्द आहे, जो ऐकताक्षणी आपल्या ‘किरकोळ’चा भाऊबंद वाटतो; परंतु आजच्या कन्नडमध्ये त्याचा रुळलेला अर्थ आहे छळ. हुंड्यासाठी सुनेचा जाच झाला तर कन्नड वर्तमानपत्रे ‘वरदक्षिणे किरुकुळ’ असे छापतात. म्हणजे सीमेच्या अलीकडे जो शब्द तक्रार उडवून लावायला वापरतात, जवळजवळ तोच उच्चार पलीकडे तक्रार नोंदवायला उपयोगी पडतो. लहान या अर्थापासून छळापर्यंतचा हा प्रवास मला मुळीच विचित्र वाटत नाही. छळ बहुधा लहान लहान गोष्टींचाच असतो: भाजीत मीठ जास्त झाले, माहेरून फोन आला, दार उघडायला उशीर लागला. यांतली एकेक बाब सुटी काढून दाखवली तर कोणीही तिला किरकोळच म्हणेल, आणि सांगणारी बाई गप्प होईल.

कायद्याने या बाबतीत थोडी हुशारी दाखवली आहे, असे माझे मत आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ९५ नुसार, आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३ नुसार, एखाद्या कृतीने झालेला अपाय इतका अल्प असेल की सामान्य समज आणि सामान्य स्वभाव असलेला कोणीही माणूस त्याबद्दल तक्रार करणार नाही, तर ती कृती अपराध ठरत नाही. अपाय लहान होता की नाही हे ठरवण्याचा मान येथे करणाऱ्याला दिलेला नाही, तसाच तो सोसणाऱ्यालाही दिलेला नाही. त्यासाठी एक तिसरा, शहाणासुरता माणूस कल्पिला आहे. घरात आणि कचेरीत मात्र असा तिसरा माणूस सापडत नाही, आणि ‘एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात’ हे वाक्य नेहमी करणाऱ्याच्याच तोंडून येते.

बाजारात गेले की हेच शब्द एकदम निरुपद्रवी होतात. मंगळवार पेठेत घाऊक आणि किरकोळ असे दोन भाव असतात, आणि किरकोळ भावात कोणाचा अपमान नसतो. ‘फुटकळ विक्री’ हाही तसाच सरळ शब्द. (अर्थविषयक बातम्यांत ‘किरकोळ महागाई वाढली’ असे लिहितात, तेव्हा तूरडाळ घेऊन घरी आलेल्या माणसाने हसावे की रडावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.) ‘चिल्लर’ तर सोलापूरच्या तिन्ही भाषांचा सामाईक ऐवज आहे: कन्नडमध्ये ‘चिल्लरे’, पूर्व भागातल्या तेलुगू घरांत ‘चिल्लरा’, आणि मराठीत चिल्लर. सुटे पैसे मागताना येथे कोणालाही दुसऱ्याची भाषा शिकावी लागत नाही. मात्र तोच शब्द माणसाला लावून ‘चिल्लर माणूस’ म्हटले की भांडण ठरलेले, आणि मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तो मथळा.

जुनी नाणी तर व्यवहारातून गेली तरी तुच्छतेसाठी राखून ठेवलेली आहेत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि आणे-पैंचा हिशेब संपत गेला. ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून बाद झाले. तरीही ‘दीडदमडीचा’ आणि ‘कवडीमोल’ हे शब्द आजची मुलेही बिनचूक वापरतात, दमडी किंवा कवडी त्यांनी हातात धरलेली नसताना.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त आवडते ती ‘क्षुल्लक’ या शब्दाची सोलापुरातली स्थिती. हा शब्द आपण सहज कोणत्याही बाबीच्या मागे लावतो: क्षुल्लक चूक, क्षुल्लक खर्च, क्षुल्लक वाद. परंतु या शहरात दिगंबर जैन समाज मोठा आहे, आणि त्या परंपरेत क्षुल्लक ही दीक्षेची एक पायरी आहे. श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थ जैनाच्या, अकरा प्रतिमांपैकी (व्रतांच्या पायऱ्यांपैकी) शेवटच्या प्रतिमेवर पोहोचलेला, लंगोटी आणि एक उपवस्त्र एवढेच बाळगणारा, हातात मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू घेतलेला साधक म्हणजे क्षुल्लक. त्याच्यापुढे केवळ लंगोटी ठेवणारा ऐलक, आणि सर्व वस्त्रे सोडलेला मुनी. स्त्री साधिकेला क्षुल्लिका म्हणतात. मुनींना ‘नमोस्तु’ म्हणून वंदन करतात, तसे क्षुल्लकांना ‘इच्छामि’ म्हणतात. चातुर्मासाच्या फलकावर क्षुल्लक महाराजांचे नाव वाचून बाहेरगावचा पाहुणा दचकतो, याचे नवल नाही. पण हे लहानपण दुसऱ्याने लादलेले नाही. ते मुनींच्या तुलनेतले लहानपण आहे, स्वतः पत्करलेले आहे, आणि त्याच्यापुढे घरदार, व्यापार, पेढी सांभाळणारी मोठी माणसे वाकतात.

माणसांना लहान करणारे बाकीचे शब्द इतके उदार नाहीत. ‘य:कश्चित’ या शब्दाचा संस्कृतातला अर्थ ‘जो कोणी एक’ एवढाच. त्यात शिवी नाही, फक्त नाव विचारलेले नाही. ‘नगण्य’ म्हणजे गणतीत न धरण्याजोगा. ‘तुच्छ’ म्हणजे मुळात पोकळ. या तिन्ही शब्दांत आकार कोठेही नाही. नाव, गणती आणि आतला ऐवज तेवढा काढून घेतलेला आहे. बोलीला तर संस्कृताचीही गरज पडत नाही: कारकुनाचा ‘कारकुंडा’ केला की झाले. सोम्यागोम्या, लुंगासुंगा ही जोडनावेही त्याच कामाची. ‘चिंधीचोर’ मात्र सोलापुरात जरा जपून वापरावा असे मला वाटते, कारण शाळेच्या गणवेशांपासून चादरीपर्यंत कापडावरच जगणाऱ्या या गावात चिंधीलाही भाव मिळतो आणि ती वजनावर विकली जाते.

स्वतःच्या गोष्टीला स्वतःच लहान म्हणण्याची रीत मात्र आपल्याकडे अजून टिकून आहे. देणारा ‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हणतो. सोलापूरच्या घरात पाहुणा जेवायला बसला की ‘काही विशेष नाही, आपली चटणी-भाकरी आहे’ असे सांगितले जाते, आणि ताटात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, भरली वांगी असे सगळे आलेले असते. हे वाक्य फक्त वाढणारीने म्हणायचे असते. पाहुण्याने त्यावर मान डोलावली, तर पुढची भाकरी बहुधा येत नाही.