एकाच गाडीच्या दोन वेळा

चढणीच्या शर्यतीत, म्हणजे हिलक्लाइंबमध्ये, गाड्या शेजारी शेजारी धावत नाहीत. एकेक गाडी एकटीच सुटते आणि सगळ्यांच्या वेळा हाती आल्यावर क्रम लागतो. कोण पुढे आणि कोण मागे हे तिथे कोणालाच डोळ्यांनी दिसत नाही. मुख्य टाइमकीपरने सही केलेला कागद हाच निकालाचा आधार असतो. या कामाचे वजन मला ज्या दिवशी सर्वांत जास्त जाणवले, त्या दिवसाची ही हकिकत आहे.

सर्वांत वेगवान वर्गाची अखेरची फेरी चालू होती. आघाडीवरच्या गाडीची वेळ ४९.९२ सेकंद होती आणि तिला मागे टाकू शकेल असा एकच चालक उरला होता. तो सुटला आणि थोड्याच वेळात पॅडॉकमधल्या, म्हणजे गाड्या उभ्या असतात त्या आवारातल्या, फलकावर ४८.१३ हा आकडा झळकला. फिनिश लाइन तिथून दिसत नसल्यामुळे समालोचकाने फलकावर विसंबून नवा विक्रम जाहीर केला आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. कालमापन कक्षात मात्र राखीव यंत्रणेने त्याच गाडीची वेळ ४९.९६ दाखवली होती. एका आकड्याने तो चालक विक्रमवीर ठरत होता, दुसऱ्या आकड्याने त्याचा क्रमांक दुसरा लागत होता.

मुख्य आणि राखीव अशा दोन यंत्रणा आम्ही पूर्णपणे वेगळ्या ठेवतो. त्यांची घड्याळे वेगळी, तारा वेगळ्या आणि फोटोसेलच्या, म्हणजे गाडीने प्रकाशकिरण तोडताच संकेत देणाऱ्या उपकरणांच्या, जोड्याही वेगळ्या असतात. सकाळी दोन्ही घड्याळे एकमेकांशी जुळवून घेतली की दिवसभर त्यांच्या नोंदींत सेकंदाच्या काही हजारांश भागांपेक्षा जास्त फरक पडू नये, अशी अपेक्षा असते. इथे फरक १.८३ सेकंदांचा होता. ताशी १८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ५० मीटर कापते, म्हणजे मुख्य घड्याळ थांबले तेव्हा गाडी रेषेपासून सुमारे ९० मीटर अलीकडे असायला हवी होती.

मी क्लार्क ऑफ द कोर्सना, म्हणजे शर्यत चालवणाऱ्या मुख्य अधिकाऱ्यांना, वायरलेसवर कळवले की ही वेळ तात्पुरतीसुद्धा धरू नये आणि पुढची गाडी सोडू नये. मग मुख्य यंत्रणेची छापील पट्टी हातात घेतली. सुटण्याचा संकेत दोन्हीकडे एकच होता आणि मधल्या टप्प्याची वेळही जुळत होती. फिनिशच्या जागी मात्र मुख्य पट्टीवर एकाखाली एक असे दोन संकेत छापले गेले होते. पहिला ४८.१३ चा होता. दुसरा ४९.९६ चा होता आणि तो राखीव नोंदीशी तंतोतंत मिळत होता. फिनिशवरच्या सहकाऱ्याच्या हातातले स्टॉपवॉचही पन्नासच्या जवळपास थांबले होते. शंभराव्या भागासाठी त्याचा उपयोग नसला, तरी पावणेदोन सेकंदांचा घोळ ओळखायला ते पुरेसे असते.

तरीही, किरण गाडीआधी कशाने तोडला हे कळल्याशिवाय सही करणे मला पटत नव्हते. सहकाऱ्याला मी फोटोसेलजवळ गुडघ्यावर बसून नुसते पाहत राहायला सांगितले. वाऱ्याची झुळूक आली आणि कुंपणाच्या लाल-पांढऱ्या पट्टीचे सुटलेले टोक उसळून खालच्या फोटोसेलसमोरून गेले. त्याच क्षणी माझ्यासमोरच्या यंत्राने आणखी एक संकेत छापला. राखीव जोडी वीतभर वर बसवलेली असल्यामुळे ती या त्रासातून वाचली होती.

कारण सापडले, पण त्यातूनच नवा प्रश्न उभा राहिला. हे टोक कधीपासून सुटले होते? आधीच्या कोणाची वेळ अशीच बिघडली असेल, तर एकट्याची दुरुस्ती हा उघड अन्याय ठरला असता. म्हणून त्या फेरीतल्या प्रत्येक गाडीच्या दोन्ही नोंदी आम्ही दोघांनी एकमेकांना वाचून दाखवत ताडून पाहिल्या. हे काम कंटाळवाणे असते आणि बाहेर लोक खोळंबलेले असताना ते फार लांबते, पण माझ्या मते त्या दिवसातले सर्वांत महत्त्वाचे काम हेच होते. बाकी सगळ्या वेळा जुळल्या.

चालकाच्या संघप्रमुखांनी निदान पुन्हा धावण्याची संधी मागितली. ती देणे न देणे क्लार्क ऑफ द कोर्सच्या हाती असते. मला एवढेच विचारले गेले की खात्रीची वेळ उपलब्ध आहे का, आणि मी ‘आहे’ असे लेखी दिले. वेळच मिळाली नसती तर पुन्हा धाव देणे योग्य ठरले असते. वेळ मिळालेली असताना ती देणे म्हणजे एकाला जास्तीची संधी देणे झाले असते.

संघप्रमुखांची निराशा मला समजत होती. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये ब्लॅक रॉक वाळवंटात थ्रस्ट एसएससी ही गाडी दोन्ही दिशांनी ध्वनीपेक्षा वेगाने धावली, पण परतीची धाव तासाभराच्या मुदतीत जेमतेम मिनिटभराने बसली नाही, म्हणून जमिनीवरच्या वेगाचा विक्रम धरला गेला नाही. तो दोन दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, नव्याने धावून मिळवावा लागला. वेग खरा असूनही तिथे नियम आड आला होता. इथे तर तो वेग गाडीने गाठलाच नव्हता.

मी त्यांना कक्षात बोलावून दोन्ही पट्ट्या समोर ठेवल्या. त्यांनी आकडे बोटाने जुळवून पाहिले, दुसऱ्या संकेतावर बोट ठेवून ‘हीच आमची गाडी’ असे म्हटले आणि निषेध नोंदवला नाही. मुख्य पट्टीवरचा पहिला संकेत मी वाचता येईल असा एका रेघेने खोडला, शेजारी कारण आणि वेळ लिहून सही केली. ४९.९६ जाहीर झाली, कुंपणाच्या पट्टीचे टोक कापून टाकले गेले आणि दोन्ही जोड्या हाताने किरण तोडून तपासल्यावर मी पुढची गाडी सोडायला हरकत नसल्याचे कळवले.